सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग: जुन्या गाड्यांची एक दिवसाची सहल कशी आखावी

जुन्या गाड्यांची सहल आखताना नकाशा शेवटी उघडायचा. आधी येणाऱ्या गाड्यांची यादी करायची आणि तिच्यातली सगळ्यात अशक्त गाडी हेरायची. दहातल्या नऊ ठणठणीत असल्या, तरी वेग, थांबे आणि जेवणाची वेळ ठरते ती धापा टाकणाऱ्या दहावीवरून. हे आधी मान्य केलं की दिवसभर कुणाची चिडचिड होत नाही.

सोलापूरसारख्या गावात निव्वळ स्पोर्ट्स कारचा ताफा जमणं अवघडच. एखादी एमजी किंवा ट्रायम्फ, नशीब जोरावर असेल तर गोव्यात बनलेली दोन सीटांची सॅन स्टॉर्म, आणि बाकी स्टँडर्ड हेराल्ड, गॅझेल, पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर, ११८ एनई, कॉन्टेसा. अशा मिश्र ताफ्याला सोलापूर–तुळजापूर–नळदुर्ग–सोलापूर हा त्रिकोण चांगला मानवतो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वाटेत एकच घाट, आणि गाडी पडली तर तिन्ही बाजूंनी टोचनवाला पोहोचू शकतो.

दिशा आणि तारीख

त्रिकोण याच क्रमाने करा, उलटा नको. कारण सूर्य. नळदुर्ग सोलापूरच्या पूर्वेला आहे. सकाळी थेट तिकडे निघालात तर ऊन डोळ्यांत, आणि संध्याकाळी तिकडून उशिरा परतलात तर पुन्हा डोळ्यांत. जुन्या काचेवर वायपरने पडलेले ओरखडे असतात. तिरप्या उन्हात ती काच दुधाळ होते आणि समोरचा ट्रॅक्टर दिसतच नाही. सकाळी तुळजापूरकडे निघायचं, घाट गारव्यात चढायचा आणि दुपारी अडीच-तीनला नळदुर्ग सोडायचं, म्हणजे ऊन कलण्याआधी सोलापूर गाठता येतं.

मोसम डिसेंबर ते फेब्रुवारीचा. मार्चच्या मध्यानंतर सोलापूरचं ऊन माणसांना सोसवतं, कार्बोरेटरला नाही. नळदुर्गचे नर-मादी धबधबे पाहायचे तर पावसाळ्याच्या अखेरीस जावं लागतं, पण ओले ड्रम ब्रेक आणि दमलेली वायपर मोटर असलेल्या गाड्या तेव्हा घरीच ठेवा.

तारीख रविवारची धरा, पण पंचांग बघून. तुळजापुरात मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला गर्दी असते. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आसपास सोलापूर–तुळजापूर रस्ता चालत जाणाऱ्या भाविकांचा असतो, वाहतूक वळवलेली असते. पौषात दोन गोष्टी एकत्र येतात: तुळजापूरचं शाकंभरी नवरात्र आणि पौष पौर्णिमेची नळदुर्गच्या खंडोबाची जत्रा. संक्रांतीच्या आठवड्यात सोलापुरातच सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, त्यामुळे होम मैदानाच्या बाजूला गाड्या जमवायचा विचारही करू नका.

हिवाळ्यात एक अडचण टळत नाही, ती म्हणजे उसाचा गळीत हंगाम. दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला, आणि कधीकधी चुकीच्या बाजूने येणारे. म्हणून उजाडल्यावर निघायचं आणि दिवेलागणीआधी परतायचं. डायनॅमोवर चालणाऱ्या पिवळट दिव्यांच्या भरवशावर फोर लेनला अंधारात जाऊ नका.

कागद

खासगी गाडीची नोंदणी पहिली १५ वर्षं चालते, नंतर दर ५ वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. ते झालंय का बघा. या जुन्या गाड्यांना पीयूसी दर सहा महिन्यांनी लागते. फास्टॅग लावून ठेवा, नाहीतर टोलनाक्यावर रोखीत दुप्पट जातील. १५ जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. तशी गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन यासाठीच रस्त्यावर आणता येते. अशा मालकाला क्लबाने तारीख आणि मार्ग लिहिलेलं निमंत्रणपत्र द्यावं.

विम्याचा कागद मात्र बसून वाचा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत, वेगचाचणी आणि ‘रिलायबिलिटी ट्रायल’ (गाडीच्या भरवशाची चाचणी) वगळलेली असते. वेळेवर गुण देणारी रॅली ठेवायची असेल, तर विमा कंपनीकडून तशी जोड आधी लेखी घ्या. पोलिसांना कळवताना लक्षात ठेवा की तुळजापूर आणि नळदुर्ग धाराशिव जिल्ह्यात आहेत. सोलापूर शहरातलं पत्र तिथे चालत नाही.

आधीचा आठवडा

तपासणी निघायच्या सकाळी करायची नसते. सकाळी सापडलेला दोष घेऊनच माणूस निघतो. आठ दिवस आधी प्रत्येक गाडी २५-३० किलोमीटर चालवून आणायची, मग बघायची.

पाणी: रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडचं पाणी जड आहे, नळ्यांत क्षार बसतात आणि बाहेरून चकाचक दिसणारा रेडिएटर आतून अर्धा बंद असतो. बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी आणि ३०-३५ टक्के कूलंट पुरतं. निम्मं कूलंट घालायचा सल्ला गोठणाऱ्या देशांसाठी ठीक, इथे गंज थांबवण्यापुरतंच हवं, आणि नुसतं पाणी मिश्रणापेक्षा उष्णता जास्त वाहून नेतं. कॅपवर छापलेला दाब गाडीला लागतो तोच आहे का पाहा. जास्त दाबाची कॅप लावून गरम होणं ‘बरं’ करायला गेलं की जुना होज पाइप फाटतो.

ब्रेक: ऑइल दोन वर्षांपूर्वीचं असेल तर सरळ बदला. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश असतो, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत खाली येतो. घाटात पॅडल एकदम खाली गेलं आणि थंड झाल्यावर परत वर आलं, तर ऑइल उकळलं आहे. पॅडल दगडासारखं कडक पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. दोन्हींत लगेच थांबायचं, पण घरी आल्यावरचे उपाय वेगळे.

टायर: कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सात वर्षांपुढचा टायर, खाचा कितीही खोल असोत, सहलीला नको. पुढे रेडियल आणि मागे साधा नायलॉन ही जोडी तर कधीच नको, वळणावर मागची बाजू सुटते.

हेराल्ड, गॅझेल आणि ट्रायम्फ स्पिटफायरवाल्यांसाठी स्वतंत्र सूचना, कारण ही चूक चांगले मिस्त्रीही करतात. पुढच्या चाकाच्या उभ्या लिंकखाली पितळी ट्रनियन, म्हणजे लिंक ज्यात फिरते तो आट्यांचा जोड, असतं. त्यात ९० नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस नाही. निप्पल दिसलं की ग्रीसगन लावायची सवय हाताला असते. ग्रीस आत घट्ट बसतं, आट्यांपर्यंत पोहोचत नाही, पाणी साचतं, गंज धरतो आणि एक दिवस लिंक आट्यांजवळ तुटून चाक आडवं पडतं. बहुतेक वेळा हे स्टिअरिंग पूर्ण वळवताना, कमी वेगात होतं, एवढंच नशीब. गन ऑइलने भरा आणि वरच्या सीलमधून ताजं ऑइल डोकावेपर्यंत दाबा.

करंट: ल्युकासच्या डेल्कोत, म्हणजे प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमध्ये, पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर, प्लगचं ०.६. पॉइंट जळून निळे-काळे झाले असतील तर कंडेन्सर जातोय. नवा कंडेन्सर लावलात तरी जुना चालू असलेला डिकीत ठेवा. हल्ली मिळणारे नवे कंडेन्सर पहिल्या तासात दगा देतात, जुना वीस वर्षं चाललेला असतो.

ई२०

ऊस आपल्याच जिल्ह्यात, कारखाने आपलेच, आणि त्यातून निघालेलं इथेनॉल आपल्याच जुन्या गाड्यांचं रबर खातं. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा गाडी त्यासाठी तयार करणं भाग आहे. पेट्रोलचा प्रत्येक रबरी पाइप बदला. नव्या पाइपवर ‘आर ९’ छापलेलं असावं, साध्या काळ्या पाइपला वर्षभरात भेगा पडतात आणि त्या नेमक्या गरम मॅनिफोल्डच्या वर असतात. एसी पंपाचा (इंजिनावर चालणाऱ्या, एसी कंपनीच्या पेट्रोल पंपाचा) डायफ्राम आणि कार्बोरेटरच्या सुईचं टोक इथेनॉल सोसणारं घ्या. टाकीतला जुना गाळ इथेनॉल सोडवतं, म्हणून पहिल्या दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

शिवाय मिश्रण पातळ होतं. साध्या पेट्रोलला हवेचं प्रमाण १४.७ ला १ लागतं, ई२० ला ते १३.५ च्या जवळ येतं. जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं छिद्र) तोच ठेवला तर इंजिन उपाशी चालतं आणि तापतं. प्लग काढून पाहा. तोंड पांढरंफटक असेल तर मेन जेट एक आकडा मोठा घाला, फिकट तपकिरी असेल तर हात लावू नका.

डिकीत काय

पॉइंट, कंडेन्सर, रोटर, डेल्कोची टोपी, दोन प्लग, फॅन बेल्ट, वरचा-खालचा होज, चार क्लॅम्प, मीटरभर पेट्रोल पाइप, फ्यूज, दिव्यांचे बल्ब, टेस्ट लॅम्प, इन्सुलेशन टेप, तार, अर्धा लिटर ब्रेक ऑइल, एक लिटर २०-५० इंजिन ऑइल, पाच लिटर पाणी, अग्निशामक. पाने गाडीप्रमाणे घ्या. फियाटला (पद्मिनीला) मिलिमीटर, हेराल्डला इंची मापाचे एएफ. जुन्या टी मालिकेच्या एमजीची तऱ्हा वेगळी, इंजिनाच्या बोल्टांचे आटे मेट्रिक आणि डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. त्या मालकाकडून पाने उसने मागू नका, आणि त्याला देऊही नका.

यात दोन सोलापुरी वस्तू वाढवा. एक जुनी चादर, मडगार्डवर टाकायला म्हणजे वाकलेल्या माणसाच्या पट्ट्याच्या बक्कलने रंग ओरखडत नाही, आणि गाडीखाली झोपायला. आणि तीन-चार जाड टेरी टॉवेल, त्यांचं काम पुढे येतंच.

जुन्या ब्रिटिश गाड्यांत कधीकधी बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असतं. दुसऱ्या गाडीवरून करंट द्यायच्या आधी ते बघा. तशा गाडीत मोबाइलचा चार्जरही नेहमीच्या पद्धतीने जोडू नका.

रस्त्यावर

पेट्रोल आदल्या संध्याकाळी भरा, काठोकाठ नको. सकाळी सव्वासातला जुन्या तुळजापूर नाक्याजवळ जमा. जथ्थे चार-पाच गाड्यांचे, दोन जथ्थ्यांत पाच मिनिटं. दहा गाड्यांची एकच रांग करू नका. मागून येणाऱ्या ट्रकला ती ओलांडता येत नाही आणि तो मधे घुसतो. प्रत्येक जथ्थ्यात सगळ्यात हळू गाडी पुढे, डावी लेन, ताशी ५०-५५. नियम एकच ठेवा: मागची गाडी आपली जबाबदारी. वळणावर मागची दिसेपर्यंत पुढे जायचं नाही. असं प्रत्येकाने केलं की फोन करत गाडी चालवावी लागत नाही. सगळ्यांत शेवटी मिस्त्री असलेली एक नवी, दणकट गाडी आणि दोर.

पहिला थांबा २० किलोमीटरवर, तामलवाडीच्या आसपास, चहा असो-नसो. बहुतेक दोष पहिल्या वीस किलोमीटरांतच वर येतात. थांबल्यावर चारही चाकांच्या हबजवळ हाताची मागची बाजू न्या, आधी जवळ, मग टेकवा. चारही सारखे कोमट असले तर ठीक. एकच चटका देत असेल तर ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग घट्ट आहे. जॅक लावून चाक फिरवा. अडत असेल तर ब्रेक, मोकळं पण घरघरत असेल तर बेअरिंग. चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग दिसला तर बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलचा उग्र वास असेल तर मागच्या अ‍ॅक्सलचं सील गेलंय, ब्रेक ऑइल असेल तर व्हील सिलेंडर. दुसऱ्या प्रकारात ती गाडी तिथूनच सोलापूरला परत, दोराने नाही, टोचनवाल्याच्या गाडीवर चढवून, मालक कितीही म्हणाला तरी. तारांची चाकं असलेल्यांनी मधला नट याच थांब्यावर तांब्याच्या हातोडीने पुन्हा ठोकून घ्यावा, नटावरच्या बाणाची दिशा पाहून.

तुळजापूरच्या अलीकडचा घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन मोकळं फिरेल असा चढा. टॉपमध्ये रेटत नेलं की वेग कमी, पंखा हळू आणि उष्णता जास्त. हेराल्डवाल्यांनी वळणाच्या मध्यावर अ‍ॅक्सिलेटर एकदम सोडू नये. तिच्या मागच्या चाकांची रचना अशी आहे की मागची बाजू उचलली जाते आणि चाक आत दुमडतं. वेग वळणाआधी कमी करा आणि वळणभर हलका पाय ठेवा. वर पोहोचल्यावर लगेच चावी बंद करू नका, दोन मिनिटं इंजिन चालू ठेवून मग बॉनेट उघडा.

तरीही चहानंतर एखादी गाडी सुरू होत नाहीच. इंजिन बंद झालं की पाणी आणि पंखा थांबतात, पण लोखंड गरमच असतं. त्या उष्णतेने पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफेवर काही खेचू शकत नाही. आता टॉवेल. भिजवून, पिळून, फक्त एसी पंपावर आणि त्याच्या पाइपवर गुंडाळा. मॅनिफोल्डवर पाणी पडू देऊ नका, त्याचं बीड (ओतीव लोखंड) तडकतं. पाच-सात मिनिटांनी पंपाखालची हाताने मारायची दांडी शोधा, बहुतेक एसी पंपांना ती असते. पंधरा-वीस वेळा मारा. दांडी सैल लागत असेल, काही दाबल्यासारखं वाटत नसेल, तर आतला कॅम चढलेल्या जागी आहे. इंजिन एक फेरा फिरवा आणि पुन्हा मारा. हाताला जोर लागू लागला आणि पारदर्शक फिल्टरमधले बुडबुडे थांबले की चोक न ओढता, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. पंपिंग करू नका, प्लग ओले होतील.

पेट्रोल येऊनही गाडी बंदच, तर करंट बघा. डेल्कोच्या मधली वायर काढून, कोरड्या फडक्यात धरून, तिचं टोक ब्लॉकपासून पाच-सहा मिलिमीटरवर ठेवा आणि सेल्फ मारायला लावा. त्या वेळी आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, टक्क आवाज करणारी ठिणगी चांगली. पिवळी, केसासारखी बारीक असेल तर डिकीत ठेवलेला तो जुना कंडेन्सर काढून बसवा.

टोचन करावंच लागलं तर दोन गाड्यांत ५ मीटरहून जास्त अंतर नको, वेग ताशी २५ च्या आत, आणि ब्रेक गेलेली गाडी दोराने कधीही नाही. फोर लेनवर उभं राहायची वेळ आली तर लाल त्रिकोण शंभर पावलं मागे ठेवा, माणसं रेलिंगपलीकडे. महामार्गाची मदत १०३३ वर.

वेळेचा खेळ

तुळजापूर ते नळदुर्ग हा तुकडा साधारण ३०-३५ किलोमीटरचा. इथे वेगाचा नाही, वेळेचा खेळ ठेवता येतो. ताशी ३६ ची सरासरी द्या. हिशोब सोपा होतो, १ किलोमीटरला १०० सेकंद. मार्गपत्रिकेत वळणं ट्युलिप पद्धतीने काढा: गोळा म्हणजे तुम्ही आलात ती बाजू, बाण म्हणजे जायची. प्रत्येक चित्रापुढे अंतर लिहा.

घोळ होतो तो मीटरमुळे. प्रत्येक जुन्या गाडीचा मीटर आपापलं खरं सांगतो. म्हणून सकाळच्या टप्प्यात मैलाच्या दगडांवर १० किलोमीटर मोजून घ्यायला सांगा. मीटरने १०.४ दाखवले तर त्या गाडीचा गुणक १.०४. पत्रिकेत १२.५ वर वळण असेल तर तिच्या मीटरवर ते १३.० ला येणार. मैलांच्या मीटरवाल्यांनी आधी १.६ ने गुणण्याच्या भानगडीत पडू नये, तोच दहा किलोमीटरचा आकडा घ्यावा, गुणकात सगळं येतं. लवकर येणाऱ्याला उशिरापेक्षा दुप्पट दंड लावा, म्हणजे कुणी पळवत नाही. तपासनीस वळणावर किंवा गावात उभा करू नका.

नळदुर्गात गाड्या सावलीत, तोंड वाऱ्याकडे. बोरी नदीवरच्या बांधातला १६१३ चा पाणी महाल बघायला दीड तास हवा. जेवण घरून न्या: कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, शेंगापोळी. उन्हात डिकीत राहूनही यातलं काही विटत नाही, आणि दहा गाड्यांची माणसं ढाब्यावर एकदम उतरली की जेवणातच दोन तास जातात.

परतल्यावर त्याच रात्री प्रत्येकाने तीन आकडे लिहून क्लबाला द्यावेत: किती किलोमीटर, किती पेट्रोल, किती पाणी-ऑइल घालावं लागलं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकीतलं ई२० काढून घ्या, पंपाचा पाइप सोडवून कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवा, आणि हँडब्रेक न ओढता चाकाखाली वीट ठेवा.